स्वादुपिंडाची मुखत्यारी

जठराच्या मागच्या बाजूस आडवे पसरलेले स्वादुपिंड हे इंद्रिय आपले काम इतक्या निमूटपणे करीत असते की, हृदयाची धडधड किंवा श्वासाची लय जशी अधूनमधून मनुष्याच्या ध्यानात येते, तसे या इंद्रियाचे अस्तित्व निरोगी माणसाला साऱ्या आयुष्यात एकदाही जाणवत नाही. १८६९ साली पाउल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने आपल्या वैद्यकीय प्रबंधासाठी सूक्ष्मदर्शकाखाली स्वादुपिंडाचे काप तपासले, तेव्हा त्यांत विखुरलेले पेशींचे लहान लहान पुंजके त्याला दिसले; ते कशासाठी आहेत हे त्याला सांगता आले नाही, परंतु पुढे त्या पुंजक्यांना त्याचेच नाव मिळाले आणि त्यांतील बीटा नामक पेशी इन्सुलिन हा स्राव निर्माण करतात हे सिद्ध झाले. अन्नातील पिष्ट व शर्करा पचून ग्लुकोजच्या रूपाने रक्तात उतरली की, तिला स्नायूंच्या आणि मेदाच्या पेशींत शिरण्याची परवानगी इन्सुलिनच्या हुकमाने मिळते. तो हुकूम केव्हा आणि किती सोडावयाचा, याचा निर्णय ह्या पेशी रात्रंदिवस, कोणालाही न विचारता घेत असतात. टाइप वन मधुमेहात हा कारभार कायमचा बंद पडतो, आणि मग पाच-सात वर्षांच्या मुलाच्या आईबापांना, वैद्यकाचे एक अक्षरही शिकलेले नसता, रुग्णालयातील चार-सहा दिवसांच्या शिकवणीवर एका इंद्रियाची मुखत्यारी पत्करावी लागते. या मुखत्यारीला रजा नाही, बदली नाही आणि मुदतही नाही.

मधुमेह म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पन्नाशीचे, पोट सुटलेले, पहाटे बागेत फेऱ्या मारणारे गृहस्थ उभे राहतात, आणि त्यामुळे एखाद्या किडकिडीत मुलाला हा आजार जडल्याचे कळताच शेजारणीच्या तोंडून पहिला उद्गार निघतो, “अगं बाई, एवढ्याशा पोराला डायबिटीस? गोड फार खात असेल!” हा उद्गार दुष्टपणाचा नसतो, पण तो निखालस चुकीचा असतो. त्या गृहस्थांच्या शरीरात इन्सुलिन असते, परंतु शरीर त्याला पुरेशी दाद देत नाही. या मुलाच्या शरीरात इन्सुलिनच जवळजवळ उरलेले नसते, कारण रोगजंतूंचा समाचार घेण्यासाठी नेमलेली शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच बीटा पेशींना परके समजून त्यांचा नाश करून बसलेली असते. सुश्रुताने प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद मानले आणि पहिल्याचा रोगी कृश व तृषार्त, तर दुसऱ्याचा स्थूल व बहुभक्षी असतो, असे वर्णन केले. आजच्या वर्गीकरणाशी त्याचे साम्य ओढूनताणून जुळवण्याचे कारण नाही. पण मधुमेहाचे सगळे रोगी एका साच्याचे नसतात हे निरीक्षण आपल्याकडे इतके जुने आहे, तेव्हा ते आजही आळीत पोहोचू नये याचे नवल वाटते. लाडवांनी हा रोग होत नाही, लाडांनीही होत नाही, आणि आईने गरोदरपणी काय खाल्ले याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

तो येतो मात्र चाहूल देऊन. दोन-तीन वर्षांपूर्वीच अंथरूण ओले करावयाचे थांबलेले मूल पुन्हा रात्री अंथरूण ओले करू लागते. शाळेत नेलेली पाण्याची बाटली मधल्या सुटीपूर्वीच रिकामी होते. खाणे वाढलेले असताना चड्डी कमरेवरून घसरू लागते. आणि न्हाणीघरात ज्या जागी लघवी झाली तेथे मुंग्यांची रांग लागते. रक्तातील साखर शंभर मिलिलिटरमागे सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेली म्हणजे मूत्रपिंडांना ती सगळी अडवून धरता येत नाही, ती लघवीवाटे जाऊ लागते आणि जाताना पाणी बरोबर घेऊन जाते. ही तहानेची उपपत्ती झाली. इकडे पेशींना ग्लुकोज मिळत नाही म्हणून शरीर साठवलेली चरबी जाळू लागते, त्या ज्वलनातून कीटोन नावाची आम्लद्रव्ये रक्तात साचतात, मुलाला ओकाऱ्या होतात, पोट दुखते, श्वास खोल व जलद चालतो, आणि नेमक्या याच घटकेला पोटदुखीवरून अपेंडिक्सचा, धापेवरून न्यूमोनियाचा किंवा ओकाऱ्यांवरून साध्या अपचनाचा संशय घेतला जाऊन काही मौल्यवान तास वाया जातात. बोटाच्या टोकावरील रक्ताचा एक थेंब आणि ग्लुकोमीटरची काही सेकंदे एवढ्यावर हा संशय फिटण्यासारखा आहे. तो थेंब काढण्याची आठवण होणे, एवढीच काय ती अडचण.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आठवण होऊनही उपयोग नव्हता. स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो हे मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी १८८९ मध्ये दाखवून दिले होते; पण त्या इंद्रियातील गुणकारी अंश वेगळा काढण्यास १९२१ साल उजाडावे लागले आणि तोपर्यंत अशा मुलांना उपाशी ठेवून आयुष्य थोडेफार लांबवणे, यापलीकडे वैद्यांच्या हाती काही नव्हते. टोरंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी केलेला अर्क १९२२ च्या जानेवारीत लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला प्रथम टोचला; तो पुरेसा शुद्ध नव्हता, म्हणून कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने तो अधिक शुद्ध केल्यावर त्याच महिन्यात पुन्हा टोचण्यात आला, आणि मरणपंथाला लागलेला तो मुलगा त्यानंतर तेरा वर्षे जगला. या संशोधकांनी आपला हक्क प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाच्या हवाली केला. तेव्हाचे इन्सुलिन कत्तलखान्यातील जनावरांच्या स्वादुपिंडातून काढावे लागे. आज ते प्रयोगशाळेत जंतूंकडून किंवा किण्वाकडून तयार करवून घेतात.

इन्सुलिन मिळाले म्हणजे रोग हटला अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, तिच्या आणि वस्तुस्थितीच्या मधल्या अंतरातच या घरांचा सारा दिनक्रम सामावलेला आहे. इन्सुलिन पोटात घेता येत नाही, कारण ते प्रथिन असल्याने जठरात पचून जाते. म्हणून ते कातडीखाली टोचावे लागते. प्रचलित पद्धतीप्रमाणे दिवसातून एकदा एक दीर्घकाळ टिकणारे आणि प्रत्येक मुख्य जेवणापूर्वी एक झटपट काम करणारे असे मिळून दिवसाला किमान चार टोचण्या होतात, म्हणजे वर्षाला चौदाशे साठ. बोटाला टोचून साखर पाहणे याहून वेगळे. दंड, पोट, मांड्या आणि ढुंगण अशा जागा पाळीपाळीने बदलाव्या लागतात. एकाच जागी वारंवार टोचले तर तेथे चरबीची गाठ धरते आणि त्या गाठीतून इन्सुलिन नीट शोषले जात नाही. गाठीवर टोचलेले दुखत नाही म्हणून मुले हट्टाने तीच जागा पुढे करतात, हे जाणत्या आईला ठाऊक असते.

सुईपेक्षा कठीण असतो तो हिशेब. पंचवीस किलो वजनाच्या मुलाला दिवसभरात सगळे मिळून वीस युनिट इन्सुलिन लागते असे धरू. पाचशेला या वीसने भागले की पंचवीस येतात, म्हणजे साधारणतः एक युनिट पंचवीस ग्रॅम कर्बोदकांचा निकाल लावते. अठराशेला वीसने भागले की नव्वद येतात, म्हणजे एक युनिट रक्तातील साखर नव्वदांनी उतरवते. सकाळी मीटरवर २१० आकडा आला, तो १२० वर आणावयाचा, म्हणजे एक युनिट, न्याहारीत पन्नास ग्रॅम कर्बोदके, म्हणजे दोन युनिट, एकूण तीन. हे आडाखे आरंभापुरते असतात, प्रत्येक मुलाचे प्रमाण डॉक्टर वेगळे ठरवतात, आणि एकाच मुलाचे सकाळचे प्रमाण संध्याकाळी चालत नाही. शिवाय मुलाने धावाधाव केली, त्याला सर्दी झाली, परीक्षेची धास्ती बसली किंवा वयात येण्याचा काळ आला की कालचा हिशेब आज खोटा ठरतो. पौगंडावस्थेत तर पहाटेच्या प्रहरी शरीरातील इतर स्राव साखर चढवून ठेवतात आणि काहीही न खाता सकाळी आकडा अडीचशेवर दिसतो, त्या वेळी “रात्री चोरून काय खाल्लंस?” असा प्रश्न आईच्या ओठांवर येतो आणि तो गिळावा लागतो.

असे एक स्वयंपाकघर मी जवळून पाहिले आहे. ओट्यावर मिक्सरच्या शेजारी काट्याऐवजी आकडे दाखवणारा लहान तराजू होता, आणि कणकेचा प्रत्येक गोळा लाटण्यापूर्वी त्यावरून जात होता. तीस ग्रॅम कोरड्या पिठाच्या पोळीत वीस ग्रॅमच्या आसपास कर्बोदके येतात, हे त्या बाईंना पाढ्यासारखे पाठ होते. भाताची एक वाटी नेमलेली होती, तिच्या आतल्या बाजूला ओरखडा काढून खूण केलेली होती, आणि ती वाटी घरात दुसऱ्या कोणी घ्यावयाची नाही असा शिरस्ता होता. फ्रीजच्या दारावर लटकवलेल्या वहीत वेळ, आकडा, खाणे, युनिट असे रकाने आखलेले होते. त्यांत मधूनच “पीटी”, “आजोबांनी चिक्की दिली”, “रडला, अर्धे ताट टाकले” असे शेरे होते. तिमाहीच्या भेटीला डॉक्टर रक्ताची कुठलीही तपासणी पाहण्यापूर्वी ही वही मागतात असे त्या सांगत होत्या, आणि मला वाटते डॉक्टरांचे बरोबर आहे. टाकलेल्या अर्ध्या ताटाचा शेरा क्षुल्लक नाही: इन्सुलिन आधी टोचून झालेले असते, ते परत घेता येत नाही, आणि अशा वेळी “एक घास चिऊचा” या जुन्या आर्जवाला जीवनमरणाचे गांभीर्य येते.

येथे एका धोक्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हे. आपल्या देशात कुपीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट या शक्तीचे मिळते, तर पेनमधले आणि काही नव्या कुप्यांतले १०० युनिटचे असते. दोहोंच्या सिरिंजा निराळ्या: चाळीसच्या सिरिंजेचे टोपण लाल, शंभरच्या सिरिंजेचे नारिंगी. शंभरचे इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजेत दहाच्या रेघेपर्यंत भरले, तर मुलाच्या अंगात दहा नव्हे तर पंचवीस युनिट जातात. उलट केले तर दहाऐवजी चारच. औषधाच्या दुकानात घाईच्या वेळी पोऱ्याने हातात दिलेली सिरिंज न पाहता पिशवीत टाकण्याची चैन या घरांना परवडत नाही. इन्सुलिन ठेवण्याचाही असाच बंदोबस्त लागतो. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे, पण ती गोठता कामा नये, म्हणून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यापासून ती दूर ठेवतात. विदर्भात पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि वीज दुपारभर जाते, किंवा फ्रीज घरात मुळी नसतोच, तेथे मातीच्या मडक्यात ओली वाळू घालून तिच्यात बसवलेल्या लहान मडक्यात घट्ट झाकणाच्या डबीत कुपी ठेवण्याची युक्ती डॉक्टर स्वतःच सांगतात. बाष्पीभवनाने माठातले पाणी गार राहते, त्याच नियमाने ते औषधही वाचते.

साखर चढण्याची भीती जगाला ठाऊक आहे. या घरांची खरी धास्ती साखर उतरण्याची असते. आकडा सत्तरच्या खाली गेला की मूल थरथरते, घामाघूम होते, ओठांचा रंग उडतो, आणि पुष्कळदा याच्याही आधी त्याचा स्वभाव पालटतो. शहाणे पोर विनाकारण चिडते, रडते, भावंडावर हात उगारते. मेंदूला ग्लुकोज अपुरे पडू लागल्याचे ते लक्षण असते, आणि ज्या घटकेला सामान्य आई धपाटा घालील त्या घटकेला ही आई मीटर काढते. “आई, मला लो वाटतंय,” हे वाक्य मूल स्वतः म्हणू लागते त्या दिवशी या घरांत जो आनंद होतो तो पहिले पाऊल टाकल्याच्या आनंदाहून कमी नसतो. उपाय साधा आहे: पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे तीन लहान चमचे पाण्यात विरघळवून किंवा तितकीच ग्लुकोजची पूड, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, अगदी लहान मुलाला यापेक्षा कमी पुरते. चॉकलेट येथे कामाचे नाही, त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. मूल बेशुद्ध झाले किंवा त्याला झटका आला तर त्याच्या तोंडात पाणी किंवा सरबत ओतण्याची चूक कोणी करू नये, ते श्वासनलिकेत जाते; मुलाला कुशीवर वळवावे, घरात साखर चढवणारे ग्लुकागॉनचे इंजेक्शन असल्यास ते द्यावे, नसल्यास मध किंवा साखरेचा पाक गालाच्या आतल्या बाजूस बोटाने चोळावा आणि रुग्णालय गाठावे. ग्लुकागॉन प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळत नाही, म्हणून ते आधीच मागवून ठेवावे लागते.

खेळाचा परिणाम खेळ संपल्यावर काही तासांनीही होतो, हे या रोगाचे आणखी एक कपट. संध्याकाळी मैदानावर मनसोक्त धावलेल्या मुलाचे स्नायू रात्री साखर ओढून घेत राहतात, आणि झोपेत उतरलेली साखर कोणाला दिसत नाही. म्हणून रात्री दोन-तीनच्या सुमारास गजर लावून उठावयाचे, झोपलेल्या मुलाचे बोट पांघरुणातून बाहेर काढावयाचे, टोचावयाचे, आकडा पाहावयाचा, ही पाळी आईबाप आपसांत वाटून घेतात. अलीकडे दंडावर चिकटवण्याची संवेदकाची चकती निघाली आहे. ती साधारण पंधरवडाभर टिकते, दर काही मिनिटांनी साखरेचा अंदाज मोबाइलवर दाखवते आणि तिच्या काही प्रकारांत साखर उतरू लागली की गजरही होतो. इन्सुलिन सतत थेंबाथेंबाने सोडणारे पंपही आहेत. ज्यांना हा खर्च झेपतो त्यांच्या झोपेत पडलेला फरक मोठा आहे. ज्यांना झेपत नाही, आणि असे बहुसंख्य आहेत, ते तपासपट्ट्यांची डबीदेखील मोजून वापरतात.

शाळेचा प्रश्न वैद्यकाचा कमी आणि माणसांचा अधिक. वर्गशिक्षिकेला चार गोष्टी ठाऊक हव्यात: मुलाला मागेल तेव्हा लघवीला व पाण्याला जाऊ द्यावे, तास चालू असला तरी खाऊ द्यावे, “लो” म्हणाले तर त्याला एकट्याला जिना उतरून कार्यालयात पाठवू नये, आणि कपाटात ग्लुकोजचा पुडा ठेवावा. यांपैकी एकीलाही फारसा पैसा लागत नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली बोर्डाच्या परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना साखरेच्या गोळ्या, फळ, खाऊ व पाणी बरोबर नेण्याची रीतसर मुभा दिली, ही गोष्ट स्तुत्य आहे. पण मुलाला सहलीस नेण्याची जबाबदारी आमची नाही असे सांगून त्याला गोडीगुलाबीने घरी बसवणाऱ्या शाळा अजूनही भेटतात, आणि त्यांना लेखी विचारले की त्या लेखी उत्तर देत नाहीत.

मूल आजारी पडले की नवख्या मुखत्याराची खरी परीक्षा होते. पोटात अन्न ठरत नाही, मग इन्सुलिन कशाला, असा विचार कोणाच्याही मनात येईल. आणि नेमका तोच घातक आहे. तापात शरीर स्वतःच साखर निर्माण करते आणि इन्सुलिनची गरज पुष्कळदा वाढते. मात्रा डॉक्टरांना विचारून कमीजास्त करावी, पण दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन कधीही बंद करू नये, दर दोन-तीन तासांनी साखर पाहावी, लघवीतले कीटोन तपासावेत, घोटाघोटाने पाणी पाजत राहावे. नवख्या मुखत्यारासाठी आणखी एक सापळा दडलेला असतो. निदानानंतर इन्सुलिन सुरू झाले की उरल्यासुरल्या बीटा पेशींना विसावा मिळून त्या काही आठवडे किंवा काही महिने पुन्हा थोडे काम करू लागतात आणि मात्रा झपाट्याने खाली येते. या अवधीत कोणी तरी नातलग कुठल्याशा गावच्या काढ्याची पुडी आणून देतो, मात्रा उतरलेली असतेच, श्रेय काढ्याला जाते, आणि “आता सुई बंद करा” असा सल्ला मिळतो. तो सल्ला मानल्याने मुले दगावली आहेत. काढा, पूड, व्रत, चुंबक, यांपैकी कशानेही मेलेल्या बीटा पेशी उठून बसत नाहीत. आणि असे खात्रीचे आश्वासन देणाऱ्याला, तो कितीही थोर व वयोवृद्ध असो, उंबऱ्याबाहेर ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा मुलाने गोड खावयाचेच नाही, हा दंडक आता राहिलेला नाही. संक्रांतीचा तिळगूळ, गणपतीचा मोदक, दिवाळीचा फराळ हे सारे त्याला मोजून आणि त्या हिशेबाने इन्सुलिन टोचून खाता येते; मात्र पुरणपोळीत डाळ, गूळ आणि कणीक अशी तिन्ही अंगांनी कर्बोदके भरलेली असतात आणि तुपामुळे ती रक्तात रेंगाळत पोहोचतात, त्यामुळे होळीच्या दिवशी आकडा दुपारी चांगला दिसून संध्याकाळी चढतो. गोड नाही म्हणून निर्धास्तपणे वाढली जाणारी साबुदाण्याची खिचडी, जवळजवळ निव्वळ पिष्ट असल्याने, मोदकाहून भारी पडते, हे उपास करणाऱ्या आजींना पटवणे कठीण जाते. मुलापासून लाडवाचा डबा लपवणाऱ्या घरांत मूल लवकरच चोरून खावयास शिकते, आणि चोरून खाल्लेल्याचा हिशेब वहीत लागत नाही. डबा उघड्यावर ठेवून “किती खाल्लास ते फक्त सांग” म्हणणारी आई अधिक व्यवहारी. धाकट्या भावंडाचीही कुचंबणा होते. दादाला मीटर, दादाला वेगळी वाटी, दादासाठी रात्रीचा गजर, आणि आपल्या वाट्याला काही नाही, असे त्याला वाटू लागते, त्याकडे बहुतेक घरांत पहिली दोन वर्षे कोणाचे लक्ष जात नाही.

सरकारदरबारी या मुलांची गणना नीटशी कुठेच होत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने एकवीस प्रकारांना मान्यता दिली, त्यांत थॅलसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे रक्ताचे विकार आहेत. टाइप वन मधुमेह नाही. अशा मुलांची संख्या ज्या देशांत सर्वाधिक आहे त्यांत भारत येत असता, इन्सुलिन सरकारी रुग्णालयात मिळाले तरी तपासपट्ट्या पदरच्या पैशांनी घ्याव्या लागतात, ही तऱ्हा शहाणपणाची नव्हे. आकडा न पाहता टोचलेले इन्सुलिन हे अंधारात चालवलेले शस्त्र आहे. आईबापही कधी कधी प्रकरण दडपतात, मुलगी असली तर विशेषच, कारण पुढे लग्न ठरण्याची काळजी. आणि वर्गात, शेजारी, आजोळी कोणालाच सांगितलेले नसल्याने ती मुलगी रस्त्यात घेरी येऊन पडली तर तिला साखर द्यावी हे कोणाला सुचत नाही. साखर आवाक्यात ठेवलेल्या स्त्रिया तज्ज्ञांच्या देखरेखीखाली सुखरूप बाळंत होतात, आणि वसीम अक्रम हा वेगवान गोलंदाज १९९७ मध्ये हा रोग जडल्यानंतरही २००३ पर्यंत आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळला, ही उदाहरणे लपवालपवी करणाऱ्यांनी पाहावीत.

मुखत्यारी अखेर ज्याची त्याला परत करावयाची असते, आणि ती एका दिवसात करता येत नाही. सहा-सात वर्षांचे मूल कुठल्या बोटाला टोचावयाचे ते ठरवते, दहाव्या वर्षाच्या आसपास स्वतः टोचून घेऊ लागते, तेराव्या-चौदाव्या वर्षी हिशेब करते आणि त्याच वयात कंटाळून हिशेब सोडूनही देते. तेव्हा पुन्हा काही काळ आईने वही हाती घ्यावी, रागावू नये, असे अनुभवी डॉक्टर सांगतात. आकड्याला चांगला किंवा वाईट म्हणू नये, चढलेला किंवा उतरलेला म्हणावे, हाही त्यांचाच सल्ला.

राहता राहिले आपण इतरेजन, म्हणजे काका, मामा, आत्या, यजमान. मुंजीला किंवा बारशाला अशा मुलाचे कुटुंब आपल्याकडे आले, तर त्याच्या ताटाकडे पाहून हळहळू नका आणि त्याला कोपऱ्यात नेऊन पेढाही भरवू नका. झटपट चालणारे इन्सुलिन टोचल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, आणि जुन्या प्रकारचे असल्यास अर्ध्या तासाने, मुलापुढे ताट यावे लागते. मुहूर्त लांबतात, आचारी उशीर करतात, आणि टोचून बसलेल्या मुलाची साखर मंगलाष्टके संपण्याची वाट पाहत नाही. म्हणून पंगत नक्की केव्हा बसणार आणि पानात काय काय असणार, एवढे त्याच्या आईला वेळेवर कळवा, आणि उशीर होणार असेल तर त्या एका मुलाचे पान आधी मांडा.